धोकादायक इमारत पाडली तर जुन्या भाडेकरूचा हक्क संपतो का?

नाही, नागपुरातील महाल भागातला तुमचा जुना वाडा महापालिकेने धोकादायक ठरवून रिकामा करवला किंवा पाडला, तरी केवळ तेवढ्याने तुमचे भाडेकरूपण संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात महापालिकेने पाडलेल्या इमारतीबाबतच हा निर्णय दिला असून, भाडेपट्ट्यात खालच्या जमिनीचाही समावेश होत असल्याने बांधकाम गेले तरी हक्क उरतो, असे त्याचे कारण आहे. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. 31 मार्च 2000 पासून मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे आणि नागपुरातील असे वाद लघुवाद न्यायालयात चालतात.

कायद्याइतकेच महत्त्व पुराव्याला आहे, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. म्हणून खोली सोडण्यापूर्वी वाड्यातील सर्व बिऱ्हाडांनी मिळून झोन कार्यालयात एकच लेखी अर्ज द्यावा आणि प्रत्येकाचे नाव, मजला व ताब्यातील चटई क्षेत्र नोंदवलेली यादी मागून तिची शिक्क्याची प्रत घ्यावी. भाडेपावत्या, वीजबिले व शिधापत्रिका सोबत जोडाव्यात. घरमालक भाडे स्वीकारत नसेल तर ते बँकेमार्फत पाठवून नोंद ठेवावी. हे संरक्षण भाडेकरूंना आहे. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांना ते मिळत नाही, त्यामुळे आधी आपला कागद नीट वाचून घ्यावा.