आधी आपली मशीन ओळखा, मग कर्नलला हात लावा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिनक्सचा कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला सिस्टिमचा गाभा) घरी कसा बनवायचा ते छापलं होतं, त्यावर यवतमाळ, वर्धा, बुलढाणा, अमरावतीकडून भरपूर प्रश्न आले आणि बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडलंय, कंपाईल करताना (सोर्स म्हणजे मूळ कोडपासून कर्नल बांधताना) नाही तर त्याच्या आधी, कॉन्फिग करताना, म्हणजे कर्नलमध्ये काय ठेवायचं ते निवडताना. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं. कमांड इथं देवनागरीत छापल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.

प्रश्न : भाऊ, माझा लॅपटॉप जुना हाय, चार जीबी रॅम, उबंटू टाकलेलं. मेक मेन्यूकॉन्फिग केलं तं हजारो ऑप्शन, मले त्यातले धा पण समजत नाही. एकेक वाचून एन दाबून राहिलो, दोन रात्री गेल्या. मग कंपाईल लावलं तं लाईन गेली. आता सुरू कुठून करू? (शेती आणि झेरॉक्सचं दुकान, आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, पहिले ते एन दाबणं थांबवा. तुमची मेहनत दिसते, पण त्या वाटेनं कर्नल बनत नाही, एखादा ऑप्शन असा जातो की शेवटी मशीन सुरूच होत नाही आणि नेमका कोणता गेला ते सापडत नाही.

हजारो ऑप्शन असायचं कारण साधं आहे. कर्नलमध्ये जगातल्या सगळ्या मशीनचे ड्रायव्हर आहेत आणि उबंटूवाल्यांना तुमची मशीन कोणती ते माहीत नसतं, म्हणून ते जवळपास सगळंच एम करून ठेवतात. वाय म्हणजे कर्नलच्या आतच बसलं, एम म्हणजे वेगळी मॉड्यूल फाईल, लागली की लोड होते, आणि एन म्हणजे बनवायचंच नाही. तुम्हाला मात्र तुमची मशीन माहीत आहे, तर तिथूनच सुरू करा. आज जो कर्नल चालू आहे त्याचा कॉन्फिग बूट फोल्डरमध्ये पडलेला असतो, कॉन्फिग डॅश आणि पुढे व्हर्जन अशा नावानं (व्हर्जन बघायचं तर यूनेम डॅश आर). ती फाईल सोर्सच्या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग नावानं कॉपी करा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा, म्हणजे नवीन व्हर्जनमध्ये जे ऑप्शन वाढले असतील ते डिफॉल्टवर बसतात, एकही प्रश्न विचारत नाही.

आता छाटणी. त्यासाठी मेक लोकलमॉडकॉन्फिग. ही कमांड एलएसमॉडची यादी बघते, म्हणजे या क्षणाला जी मॉड्यूल लोड आहेत ती, आणि बाकीची सगळी बंद करते. हजारोंवरून शे-दीडशेवर येते गोष्ट, कंपाईलचे कित्येक तास वाचतात.

पण इथंच सगळे फसतात, म्हणून नीट वाचा. त्या क्षणाला लोड आहे तेवढंच राहतं. आपल्याकडं खेड्यात नेट बहुतेक मोबाईलवरून घेतात, केबल लावून टेदरिंग. अँड्रॉइड फोन तसा लावला की बहुतेक वेळा आरएनडीआयएस होस्ट नावाचं मॉड्यूल लोड होतं. कॉन्फिग करताना फोन लावलेला नसेल तर ते यादीत नाही, म्हणजे छाटलं गेलं, आणि नव्या कर्नलमध्ये नेटच नाही. तेव्हा कमांड मारायच्या आधी फोन लावून टेदरिंग चालू करा, प्रिंटर लावा, वेबकॅम चालू करून बघा, वायफाय जोडा, आणि पेनड्राइव्ह नुसता खोचू नका तर उघडा, कारण एक्सफॅटसारख्या फाईलसिस्टिमचं मॉड्यूल ड्राइव्ह माउंट झाल्यावरच लोड होतं. गिऱ्हाईक कोणता पेनड्राइव्ह घेऊन येईल याचा दुकानात भरवसा नसतो, म्हणून तुमच्यासाठी अजून एक सोय सांगतो : कमांडच्या आधी एलएमसी अंडरस्कोर कीप बरोबर आणि पुढे ड्रायव्हर्स स्लॅश यूएसबी, ड्रायव्हर्स स्लॅश नेट स्लॅश यूएसबी आणि एफएस असे फोल्डर मध्ये कोलन देऊन लिहा. त्या फोल्डरांना छाटणी हात लावत नाही. बांधणी थोडी लांबते पण दुकान अडत नाही.

अजून एक, डीबग इन्फो (कर्नलमधल्या चुका शोधायला लागणारी जादा माहिती) बंद करा. कर्नल हॅकिंग मेन्यूत, मग कम्पाईल टाइम चेक्स, तिथं डीबग इन्फर्मेशन, आणि त्यात डिसेबल. उबंटूच्या कॉन्फिगमध्ये ते चालू असतं आणि पूर्ण कॉन्फिगसोबत ते बांधायला गेलं तर वीस जीबीच्या वर जागा खाऊ शकतं, जुन्या लॅपटॉपवर तेवढी जागा असते कुठं.

लाईन गेल्याचं टेन्शन घेऊ नका. लाईन आली की तीच मेक कमांड परत द्या, झालेलं काम सोडून पुढचं सुरू होतं. मेक क्लीन मात्र करू नका, सगळं पहिल्यापासून होईल. अचानक बंद पडल्यावर कधी कधी एखादी डॉट ओ फाईल (कंपाईल झालेला तुकडा) शून्य साइजची राहते आणि मग फाईल फॉरमॅट ओळखता येत नाही अशी एरर येते, तेव्हा फाईंड कमांडनं शून्य साइजच्या डॉट ओ फाईल शोधून तेवढ्याच उडवा आणि परत मेक. चार जीबी रॅमवर डॅश जे (मेकनं एका वेळी किती कामं करायची तो आकडा) दोनच्या पुढे जाऊ नका, मशीन स्वॅपमध्ये गेली की बसून राहाल.

आणि हेही जड जात असेल तर तुमच्या लॅपटॉपवर एलएसमॉडचं आउटपुट एका फाईलमध्ये घ्या, तुमच्या बूटवाल्या कॉन्फिगसोबत ती कोणा ओळखीच्याच्या दमदार मशीनवर न्या, तिथं एलएसमॉड बरोबर म्हणून त्या फाईलचा पत्ता देऊन लोकलमॉडकॉन्फिग करा आणि शेवटी मेक बिनडेब-पीकेजी. डेब फाईली तयार होतात, पेनड्राइव्हवर आणा आणि डीपीकेजीनं टाका. मला विचाराल तर तुमच्यासाठी हीच वाट बरी.

प्रश्न : सर, मी कृषी पदविकेला आहे. आमच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा मोजायला एक बोर्ड लावलाय, तो यूएसबीनं लॅपटॉपला जोडते. स्वतः बनवलेल्या कर्नलवर तो दिसतच नाही. डॉट कॉन्फिगमध्ये सीएच ३४१ ची (बोर्डावरच्या यूएसबी चिपच्या ड्रायव्हरची) लाईन हातानं टाकली, मेक केलं, तर लाईन गायब! मेन्यूमध्येही तो ऑप्शन दिसत नाही. असं का? (विद्यार्थिनी, मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : ताई, प्रश्न फार चांगला विचारलात, कॉन्फिगचं खरं कामकाज यातच आहे.

सोर्सच्या जवळपास प्रत्येक फोल्डरमध्ये केकॉन्फिग नावाची फाईल असते, तिच्यात प्रत्येक ऑप्शनची कुंडली लिहिलेली असते, नाव काय, डिफॉल्ट काय आणि मुख्य म्हणजे डिपेंड्स ऑन, म्हणजे हा कोणावर अवलंबून आहे. ही पद्धत २००२ मध्ये, २.५ च्या काळात आली आणि आजही तीच चालू आहे. तुमचा सीएच ३४१ अवलंबून आहे यूएसबी सीरियलवर. तुम्ही लोकलमॉडकॉन्फिग केलं तेव्हा बोर्ड लावलेला नसणार, म्हणून यूएसबी सीरियल अख्खं बंद झालं. आता बापच बंद आहे तर पोराची लाईन तुम्ही हातानं टाकली तरी मेक सुरू होताना केकॉन्फिग अवलंबून असलेलं तपासतं, जुळत नाही म्हणून ती लाईन काढून टाकतं, आणि तेही न सांगता. मेन्यूमध्ये न दिसायचं कारणही तेच.

करायचं असं : मेन्यूकॉन्फिग उघडा, स्लॅश दाबा, सीएच ३४१ लिहा. तो ऑप्शन बंद असला तरी शोधात येतो, कुठल्या मेन्यूत आहे, कशावर अवलंबून आहे आणि त्यातलं काय चालू काय बंद हे सगळं दाखवतो, बाजूला कंसात नंबर असतो तो दाबला की थेट तिथं पोचता. आधी यूएसबी सीरियल एम करा, मग खाली सीएच ३४१ दिसायला लागेल, त्यालाही एम. मग बांधून, मॉड्यूल टाकून, रीबूट. बोर्ड टीटीवाय यूएसबी शून्य म्हणून दिसायला पाहिजे. बोर्डावर सीएच ३४० लिहिलेलं असेल तरी ड्रायव्हर हाच, घाबरू नका. उबंटू २२.०४ असेल आणि बोर्ड एक क्षण दिसून गायब होत असेल तर दोष कर्नलचा नाही, बीआरएलटीटीवाय नावाचा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्राम ती चिप स्वतःची समजून धरतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो काढून टाका.

डॉट कॉन्फिगमध्ये हॅशपासून सुरू होणारी 'इज नॉट सेट' अशी लाईन दिसली तर ती कॉमेंट समजून पुसू नका हं. ऑप्शन बंद आहे हे तिथूनच वाचलं जातं, पुसली तर तो ऑप्शन परत डिफॉल्टवर जातो.

प्रश्न : एक ऑप्शन बंदच होत नाही, स्पेस दाबून दाबून थकलो. कंसाच्या जागी डॅश दिसतात. (वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : दुसऱ्या कोणीतरी सिलेक्ट करून ठेवलाय तो. त्यावर जाऊन प्रश्नचिन्ह दाबा, सिलेक्टेड बाय म्हणून खाली यादी येईल. ज्यानं धरून ठेवलाय त्याला आधी बंद करा, जमत नसेल तर राहू द्या, त्याची कोणाला तरी गरज आहे.

प्रश्न : सगळं बरोबर केलं, पण मेक दिल्यावर कॅनॉनिकल सर्ट्स डॉट पेम नावाची फाईल बनवायचा रूल नाही म्हणून थांबते. (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : उबंटूचा कॉन्फिग कॉपी केला की ही एरर येणारच. त्यात उबंटूच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचा पत्ता असतो आणि ती फाईल मूळ कर्नलच्या सोर्समध्ये नसते. स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या कॉन्फिग नावाच्या स्क्रिप्टला डॅश डॅश डिसेबल देऊन सिस्टिम ट्रस्टेड कीज आणि सिस्टिम रिव्होकेशन कीज दोन्ही बंद करा. परत मेक, आता काही प्रश्न आला तर नुसतं एंटर.

प्रश्न : आमच्या इकडं नेट म्हणजे नशीब. सोर्स घ्यायला गिट क्लोन लावलं तर दिवसाचा डाटा संपला. आणि साफसफाई म्हणून मेक एमआरप्रॉपर केलं तर माझा कॉन्फिगच उडाला. (धारणी, मेळघाट)

उत्तर : पूर्ण इतिहासासकट क्लोन कित्येक जीबीचा होतो, तुम्हाला तो इतिहास नको आहे. कर्नल डॉट ऑर्गवरून एक्सझेड टारबॉल (सगळा सोर्स दाबून बसवलेली एकच फाईल) घ्या, दीडशे एमबीच्या आसपास असतो, आणि पुढचं छोटं व्हर्जन आलं की नुसता पॅच घ्या. एमआरप्रॉपरचं कामच ते आहे, डॉट कॉन्फिगसकट सगळं उडवतं. मेक क्लीन कॉन्फिगला हात लावत नाही. चालता कॉन्फिग सोर्सच्या बाहेर तारीख टाकून ठेवत जा. नवीन कर्नल चालू झाला असेल तर बूट फोल्डरमध्ये त्याची कॉपी आहेच.

प्रश्न : नवीन कर्नल टाकला, रीबूट केलं, काळ्या स्क्रीनवर 'अनेबल टू माउंट रूट एफएस' आणि कर्नल पॅनिक. घरचे म्हणतात लॅपटॉप बिघडवला. आता काय? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : लॅपटॉपला काहीही झालं नाही, घरच्यांना सांगा. बंद करून सुरू करा, ग्रबमध्ये (सुरुवातीला कोणता कर्नल उघडायचा ते निवडायचा मेन्यू) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, जुना कर्नल निवडा, सगळं होतं तसं उघडेल. म्हणूनच जुना कर्नल कधी काढायचा नाही आणि लोकलव्हर्जनमध्ये आपलं काहीतरी नाव टाकायचं, म्हणजे नवा आपल्या जुन्यावर बसत नाही.

झालं असं की कर्नलला डिस्क उघडता आली नाही. डिस्कचा आणि फाईलसिस्टिमचा ड्रायव्हर एम केला तर तो फाईल म्हणून त्याच डिस्कवर असतो, किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून इनिटरॅमएफएस असतं, बूटच्या वेळी तेवढे ड्रायव्हर रॅममध्ये आणून देतं. तुमच्याकडं ते बनलंच नसेल किंवा रिकामं बनलं असेल, आणि तसं होतं ते मॉड्यूल्स इन्स्टॉल न करता थेट मेक इन्स्टॉल केल्यावर. आधी मेक मॉड्यूल्स अंडरस्कोर इन्स्टॉल, मगच मेक इन्स्टॉल. जुन्या कर्नलवरून हे परत करा. डीबग इन्फो चालू राहिलं असेल तर इन्स्टॉल मॉड स्ट्रिप बरोबर एक असंही द्या, नाहीतर इनिटरॅमएफएस इतकं फुगतं की बूट पार्टिशन भरून जातं.

काही जण म्हणतील की ईएक्सटी ४ (फाईलसिस्टिम) आणि एएचसीआय किंवा एनव्हीएमई (डिस्कचे ड्रायव्हर) सरळ वाय करा, इनिटरॅमएफएसची भानगडच नको. चालतं, पण मग ग्रबमध्ये रूट बरोबर यूयूआयडी (फाईलसिस्टिमचा ओळख क्रमांक) असं असेल तर कर्नलला एकट्यानं ते समजत नाही, त्याला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) द्यावा लागतो, आणि नेमकं हेच न बदलल्यामुळं परत तोच पॅनिक येतो. पहिल्यांदा करत असाल तर दोन्ही ठेवा, ड्रायव्हर वाय आणि इनिटरॅमएफएसपण.

आणि पॅनिकच्याही आधी ग्रबनंच 'बॅड शिम सिग्नेचर' म्हणून अडवलं तर ते सिक्युअर बूट आहे, ते ओळखीची डिजिटल सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देतं, आणि तुमच्या कर्नलवर सही नाही. स्वतःची की बनवून मोकयूटिलनं नोंदवायची आणि कर्नलवर सही करायची हे सगळं लांब आहे, पुढच्या अंकात सविस्तर देतो, तोवर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून काम चालवा, आणि विंडोजही असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलुपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा.