चार वर्षे लग्न नाही, मग साखरपुड्याचे काय?

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील असून नौदलात अग्निवीर आहे. ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षण घेत असताना देवगडच्या एका मुलाशी ओळख झाली आणि पुढे आम्ही लग्न करायचे ठरवले. तो सध्या विशाखापट्टणमच्या एका जहाजावर आहे, मी मुंबईत. घरी कोणालाच ठाऊक नाही. आत्या स्थळे आणते आहे आणि शिमग्याच्या सुट्टीत बघण्याचा कार्यक्रम ठरल्याचे आईने कळवले आहे. तो म्हणतो की गणपतीत एखाद्या देवळात हार घालून घेऊ, कागदोपत्री काही करायचे नाही, म्हणजे घरचेही गप्प बसतील आणि नौदलालाही कळणार नाही. असे केले तर चालेल का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : चालणार नाही. भरतीच्या वेळी आपण अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र तुम्ही दोघांनीही दिलेले आहे, आणि चार वर्षांच्या सेवाकाळात लग्न केल्यास सेवेतून बडतर्फ केले जाईल, हे नौदलाच्या भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले असते. देवळात गुरुजींच्या साक्षीने विधिपूर्वक लागलेले लग्न नोंदणी नसली तरी कायद्याने लग्नच ठरू शकते. शिवाय आपल्या गावांतून अशी गोष्ट लपून राहिली आहे, असे आजवर ऐकिवात नाही. कोणी रजिस्टर लग्नाचा पर्याय सुचवला, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, हेही ध्यानात असू द्या. दरमहा पगाराच्या तीस टक्के रक्कम तुमच्या सेवानिधीत जमा होते आणि सरकार तेवढीच भर घालते. ही चार वर्षांची पुंजी आणि पुढे कायम होण्याची संधी आत्याच्या एका स्थळापायी पणाला लावू नये, असे मला वाटते.

साखरपुड्याची गोष्ट वेगळी आहे. मनाई आहे ती लग्नाला. तरीही आधी आपापल्या डिव्हिजनल ऑफिसरच्या कानावर घालावे. नौसैनिकाच्या घरगुती अडचणी ऐकून घेणे हे त्यांच्या कामातच येते, आणि त्यांनी थांबायला सांगितले तर थांबावे. तुमची नेमणूक पुढे एकाच ठिकाणी झाली, तर बेसवर आणि जहाजावर वागणुकीचे नियम कडक असतात, हे तुम्ही जाणताच. प्रेम हा गुन्हा नसला तरी शिस्तभंग झाल्यास 1957 च्या नौसेना अधिनियमाखाली कारवाई होऊ शकते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, जी तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. चार वर्षांनंतर तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांनाच कायम सेवेत घेतले जाते. तुम्ही राहिलात आणि तो बाहेर पडला, तर तो देवगडला आंब्याच्या बागेत परतणार, की तुमच्या बदल्यांबरोबर गावे बदलणार? आणि तो राहिला, तुम्हीही राहिलात, मग सासरकडून ‘आता सूनबाईंनी नोकरी सोडावी’ असे आले, तर तो कोणाच्या बाजूने उभा राहील? आपल्याकडे मुलाच्या फौजेतल्या नोकरीचा अभिमान गावभर मिरवला जातो, सुनेच्या नोकरीचा मात्र क्वचितच. हे प्रश्न आज फोनवर अवघड वाटतील, पण हार घालण्याची घाई करणाऱ्या मुलाने आधी त्यांची उत्तरे द्यायला हवीत.

घरी सांगायचे ते शिमग्याच्या आधीच सांगा, आणि आईला एकटीला गाठून सांगा. पाहुणे कांदेपोहे खाऊन गेल्यावर सांगितलेत तर बाबांना तो आपला अपमान वाटेल. ‘चार वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत लग्न करता येत नाही’, हे कारण तुमच्याकडे आहे आणि ते खरे आहे. वर्षाला तीस दिवसांची रजा मिळते. त्यातले काही दिवस राखून त्याने एकदा वडीलधाऱ्यांसह गुहागरला येऊन भेटावे.

प्रश्न : माझा होणारा नवरा नौदलात आहे. जहाज सेलिंगला गेले की कित्येक दिवस फोन लागत नाही आणि कुठे जाणार, केव्हा परतणार, हेही तो सांगत नाही. मनात नको ते येते.
– एक वाचक, मालवण

उत्तर : किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज संपते, आणि जहाजाच्या हालचाली घरच्यांनाही न सांगणे हा त्याच्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे एवढ्यावरून संशय घेऊ नका. जहाज बंदरात लागल्यावर तो आपणहून फोन करतो का, आणि तुमच्या घरातले काय चालले आहे ते विचारतो का, हे मात्र पाहा. तो सुट्टीवर आल्यावर त्याच्या जहाजाचे नाव किंवा निघण्याची तारीख व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकू नका; गणवेशातला जोडीचा फोटो टाकण्यापूर्वीही त्याला विचारा.