मांजर ताटलीशी येतं, वास घेतं आणि तोंड फिरवतं?

अगं, उलटी झाली नाही म्हणजे मळमळ नाही असं नसतं. आमची मनी म्हापशाच्या बाजारातला बांगडा उकडल्याचा वास आला की धावत येते, त्या दिवशी आली, हुंगलं, ओठ चाटले, दोनदा आवंढा गिळला आणि सरळ पलंगाखाली, मला वाटलं नखरे, पण हनुवटी लाळेने ओली होती. अशा वेळी जबरदस्तीने भरवू नकोस, नंतर त्या खाण्याचाच तिटकारा बसतो. चमचाभर कोमट करून दे, नको असेल तर उचल. 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे ने, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, जाड्या बोक्यांना तर जास्तच धोका. मॅरोपिटंट वगैरे मळमळीची औषधं डॉक्टरच देतील, घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही नको, जीव जातो.