आधी करार, मग तिकीट

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुला जर्मनीला पाठवण्यासाठी कॉलेज रोडवरच्या कन्सल्टंटने साडेतीन लाख मागितलेत आणि बाबा दिंडोरीच्या द्राक्षबागेवर कर्ज काढायला निघालेत, हे वाचलं आणि फोनवर बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं. हे पत्र बाबांनाही वाचून दाखव. कर्जाच्या कुठल्याही कागदावर तूर्तास सही करू नका, एवढं सगळ्यांत आधी.

जर्मनीला जायचं तुझ्या मनात आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिथे कुशल कामगार कमी पडताहेत हे खरंच आहे. भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसाची वर्षाची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पण 'आधी पोहोच, मग नोकरी शोध' हा जो मार्ग कन्सल्टंटने तुला सांगितलाय, तो तुझ्यासाठी नाही. तू टर्नरचा आयटीआय केलास, अंबडच्या एमआयडीसीत दीड वर्ष मशीनवर काढलंस, वय वीस. तुझ्या हातात करार नाशिकमध्ये बसूनच आला पाहिजे. तिकिटाचं त्यानंतर बघू.

कन्सल्टंट ज्या कार्डाबद्दल बोलतोय ते 'चान्सेनकार्टे', म्हणजे संधीचं कार्ड. १ जून २०२४ पासून सुरू झालेली ही योजना खरी आहे, त्यात फसवणूक नाही. शिक्षण, अनुभव, भाषा, वय अशा गोष्टींचे गुण मोजतात, किमान सहा लागतात. मग वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. पण त्यासाठी राहण्या-खाण्याची सोय आधी दाखवावी लागते. २०२५ च्या आकड्याने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२. युरो शंभर रुपयांना धरला तर तेरा लाख झाले, आणि कन्सल्टंटचे साडेतीन लाख वेगळेच. बाबांना हे त्याने सांगितलंय का, विचार. सात-आठ वर्षांचा अनुभव आणि गाठीला पैसा असलेल्या इंजिनिअरने ते कार्ड घ्यावं. तू तिथे उतरलास की रोज खात्यातले पैसे कमी होत जाणार आणि मोडकीतोडकी जर्मन बोलणाऱ्या पोराला फोरमन मशीनजवळ उभा करणार नाही. तेच महिने अंबडला पगार घेत आणि घरचं जेवण जेवत शोधण्यात घालवलेस तर तुझं काही जात नाही.

तुझ्या वयाला आणि अनुभवाला खरा दरवाजा म्हणजे 'आउसबिल्डुंग'. कारखान्यात काम आणि व्यवसायशाळेत शिक्षण, दोन्ही एकत्र, पहिल्या महिन्यापासून पगारासह. तुझ्या कामाचा तिथला ट्रेड 'त्सेरश्पानुंग्समेशानिकर', मुदत साडेतीन वर्षं. बाबा म्हणतील, पुन्हा अप्रेंटिस कशाला? त्यांना सांग की यातून मिळणारं प्रमाणपत्र जर्मन असतं, त्याची मान्यता मिळवायला दारोदार फिरावं लागत नाही आणि त्यावर दोन वर्षं कुशल कामगार म्हणून काम केलं की, बाकीच्या अटी पूर्ण असतील तर, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्रशिक्षणाला पहिल्या वर्षी कायद्याने किमान ७२४ युरो महिना आहे, आणि धातुउद्योगातल्या सामूहिक वेतनकराराखालच्या कंपन्या याहून बरंच जास्त देतात. पगार खर्चाला अपुरा ठरला तर वरचा फरक खात्यात दाखवावा लागतो, तो मात्र तेरा लाखांच्या जवळपासही जात नाही.

या सगळ्याचं मूळ भाषेत आहे. आउसबिल्डुंगसाठी जर्मनची बी१, म्हणजे मधली, पातळी धरूनच चाल. गोएथे या जर्मन भाषेच्या संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. 'साठ दिवसांत बी१'च्या जाहिरातींकडे बघू नकोस. शिफ्ट सांभाळून शिकणाऱ्याला वर्ष लागलं तर ते योग्यच आहे. आणि पुस्तकी वाक्यांबरोबर मशीनशॉपचे शब्द शीक. लेथ, चक, ड्रॉइंग, मायक्रोमीटर, कूलंट यांना तिकडे काय म्हणतात ते वहीत लिही आणि ड्यूटीवर मशीनकडे बघत मनात म्हणत जा. मुलाखतीत हेच विचारतात.

आता तुझा बायोडेटा. पाठवलास तो वाचला. वर वडिलांचं पूर्ण नाव, खाली 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर', शेवटी सगळी माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा, आणि मध्ये कामाबद्दल एक ओळ: 'सीएनसी ऑपरेटर, १८ महिने'. ही एक ओळच तुझं सगळं भांडवल आहे, आणि नेमकी तीच तू झाकून ठेवलीस. तू नुसता पीस लावतोस-काढतोस की सेटिंगही करतोस? इन्सर्ट झिजल्यावर बदलतोस, ऑफसेट स्वतः देतोस? कंट्रोल फॅनुकचं की सिमेन्सचं? मटेरियल काय, व्यास किती, किती मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये, बोअर कशाने मोजतोस? गेल्या महिन्यात मला फोनवर म्हणाला होतास की सकाळी मशीन थंड असताना पहिले काही पीस मापाबाहेर जात होते, म्हणून तू सुपरवायझरला सांगून वॉर्मअप सुरू करायला लावलास आणि रिजेक्शन थांबलं. अरे, हे लिही! जर्मनीतला मास्टर हे वाचून थांबेल. बायोडेटा एक-दोन पानी, तक्त्यासारखा, महिना आणि वर्ष घालून, मधला काळ रिकामा न ठेवता. दहावीनंतर सहा महिने बागेत काम केलंस तर तेही लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सोबत एक पानाचं अर्जपत्र, प्रत्येक कंपनीसाठी वेगळं. तीच कंपनी का, हे त्यात आलं पाहिजे.

एक अडचण तुला येणार हे मला माहीत आहे. तू कंपनीत काम करतोस, पण पगार ठेकेदाराकडून. अनुभवाचा दाखला ठेकेदाराच्या नावावर येईल आणि त्यात मशीनचं नाव नसेल. म्हणून आतापासूनच पगाराच्या स्लिपा जपून ठेव, पीएफचं पासबुक डाउनलोड कर आणि सुपरवायझरला विनंती करून कामाचं स्वरूप सांगणारं पत्र घे. नोकरी सोडताना मागशील तर कुणी ओळख देणार नाही. संबंध चांगले आहेत तोवर माग. आणि करार होईपर्यंत काम सोडू नकोस.

कुठे शोधायचं? जर्मन सरकारचं 'मेक इट इन जर्मनी' हे पोर्टल आणि तिथल्या रोजगार खात्याचं नोकऱ्यांचं संकेतस्थळ, दोन्ही फुकट. पण तेवढ्यावर थांबू नकोस. बर्लिन, म्युनिकची नावं डोक्यातून काढ, तिथे जगभरातले अर्ज पडतात. टुटलिंगनसारखी गावं बघ. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांचं हे गाव आहे, आणि बारीक टर्निंग हेच तुझं काम. अशा गावांतल्या मध्यम कंपन्यांना थेट लिही. आउसबिल्डुंग साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि बऱ्याच कंपन्या वर्षभर आधी मुलं निवडायला घेतात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जागांचे अर्ज याच पावसाळ्यापासून. बहुतेक ठिकाणांहून उत्तर येणार नाही. त्याने खचू नकोस, पंधरा दिवसांनी एकदा नम्रपणे पुन्हा विचार. मुलाखत व्हिडिओवर होईल. त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असेल तर आधीच बदलून घे.

समज, ऑफर आली. मग आनंदाच्या भरात एक दिवस थांब. जर्मन कंपनीच्या संकेतस्थळावर 'इम्प्रेसुम' नावाचं पान कायद्याने असावं लागतं. त्यात पत्ता, संचालकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक सरकारी व्यापार नोंदवहीत ऑनलाइन फुकट पडताळता येतो. मेल जीमेलवरून आली, मुलाखतीशिवाय ऑफर आली, किंवा व्हिसाच्या नावाखाली कंपनीच पैसे मागू लागली, तर तिथेच थांब. राष्ट्रीय व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. कन्सल्टंटला एवढंच विचार: परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत तुमचा परवाना क्रमांक काय? परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या कायद्याने परवाना लागतो, आणि परवानाधारक एजंटलाही उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, तेही पावतीवर. साडेतीन लाख कोणत्या नियमात बसतात ते त्याला लिहून द्यायला सांग. लिहून देणार नाही.

करार वाचताना पगाराचा आकडा ब्रुट्टो आहे हे लक्षात ठेव. कर आणि विमा कापून हातात येतो तो नेट्टो. आठवड्याचे तास, सुट्ट्या, प्रोबेशन बघ. आउसबिल्डुंगमध्ये प्रोबेशन एक ते चार महिन्यांचं असतं. शिवाय हा करार तिथल्या उद्योग मंडळाकडे, म्हणजे आयएचकेकडे नोंदवला जातो. नोंदणी केली का, असं कंपनीला मेलने विचारायला संकोच करू नकोस. खरी कंपनी याचं उत्तर सहज देते. राहायच्या जागेची सोय त्याच मेलमध्ये विचार, लहान गावातल्या काही कंपन्या खोली शोधायला मदत करतात.

बाबांना म्हणावं, बाग गहाण न ठेवताही हे होतं. लागणारा पैसा म्हणजे क्लासची आणि परीक्षेची फी, कागदपत्रांची भाषांतरं, व्हिसा आणि तिकीट, आणि हे सगळं एकदम लागत नाही, टप्प्याटप्प्याने लागतं. तुझ्या पगारातून बरंचसं निघेल.

येत्या रविवारी सकाळी घरी ये. ठेकेदाराच्या स्लिपा, आयटीआयच्या मार्कशीट आणि तू बनवतोस त्या एखाद्या पार्टची मापं वहीत लिहून आण. ड्रॉइंगचा फोटो काढू नकोस, ते कंपनीचं आहे. बाबांना येता आलं तर त्यांनाही घेऊन ये. बायोडेटा आपण त्याच दिवशी बसून नव्याने लिहू.

तुझा,
सर

नाशिक