आधी यादीत, मग ग्रामसभेत

मैत्रिणी,
सप्रेम नमस्कार.

गावातल्या तरुणांसाठी मतदार जागृतीची फेरी काढायची आणि त्यांच्या रोजगाराचंही काही करायचं म्हणतेस. फेरी जरूर काढ. पण त्यात आठवडा घालवू नकोस. मतदानाच्या दिवशी बरीच तरुण मुलं घरी राहतात ती यादीत नाव नसतं म्हणून. खरं काम तिथं आहे.

२०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा झाल्यात, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असली की नाव लावता येतं. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तेव्हा सुरुवात बारावीच्या वर्गापासून कर.

नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८. सगळा घोळ इथंच होतो. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारी मुलं गावात नाव असताना पुन्हा नमुना ६ भरतात. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींचंही तेच. त्या अर्जात 'माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही' असं लिहून द्यावं लागतं. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून नोंदणी शिबिरात आधी जुनं नाव शोधायचं, मगच अर्ज उघडायचा.

ऑनलाइन अर्जात इंग्रजी नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं, आणि 'शिर्के'चं 'शीरके' होऊन बसतं. ज्याचं नाव त्यालाच मोठ्यानं वाचायला लाव. ओटीपीही ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. तुझ्या नंबरावर वीस अर्ज भरलेस तर पुढचे निरोप तुलाच येत राहतील. वहीत संदर्भ क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि बीएलओचं (घरी येऊन पडताळणी करणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) नाव लिही. आधारच्या झेरॉक्स मात्र साठवू नकोस.

अर्ज अडतो तो पडताळणीत. बीएलओ येतो तेव्हा दाराला कुलूप, शेजारी म्हणतात माहीत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेव. वसतिगृहातल्या मुलांना तिथला पत्ता चालतो, संस्थाप्रमुखाचा दाखला जोडायचा.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेसाठी वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागवार फोडतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांची ती तारीख बहुधा उलटून गेलेली असते.

आता रोजगाराचं. गावच्या यादीत नाव आलं की माणूस ग्रामसभेचा सदस्य झाला. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा लागतो. तिथं तीस तरुण ठरवून बसले तर सरपंचांना दखल घ्यावीच लागते. पण 'तरुणांना रोजगार द्या' हा ठराव इतिवृत्तात पडून राहतो. नेमकं काम मागा: रिकामे गाळे भाड्यानं देणं, दूध संकलनाला शेड. ठराव लिहून न्या, सूचक-अनुमोदक आधी ठरवा, इतिवृत्ताची नक्कल मागा.

ज्यांना धंदा काढायचाय त्यांना जिल्हा उद्योग केंद्रात पाठव. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण कर्ज बँक मंजूर करते. यंत्राचं दरपत्रक आणि जागेची कागदपत्रं नसतील तर प्रकल्प अहवाल तिथंच अडकतो.

आणि मतदार नोंदणीचा व कर्जाचा, हे दोन्ही अर्ज एका टेबलावर ठेवू नकोस. 'कर्जाचं आमिष दाखवून नावं लावली' अशी कुजबुज गावात तासाभरात फिरते, मग कुणी पुढं येत नाही.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो पाठव, ठरावाचा मसुदा मिळून करू.

तुझा स्नेही