सत्काराआधी त्यांच्या घरी जाऊन ये

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

यंदाच्या फुटबॉल फायनलला जुन्या रेफ्रींचा सत्कार करायचं मंडळानं ठरवलंय आणि ते काम तुझ्याकडं आलंय, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या कोल्हापुरात खेळाडूंचे सत्कार होतात, देणगीदारांचे तर होतातच. रेफ्रीचं नाव पेपरात ठळक येतं ते सामन्यात वाद झाला तरच. तू माझ्याकडं फक्त यादी मागितली आहेस. यादी देतो, पण त्याआधी हे चार शब्द मंडळातल्या सगळ्यांना वाचून दाखव.

हा कार्यक्रम मध्यंतरात उरकू नकोस. शाहू स्टेडियमवरच्या फायनलचं मध्यंतर तू पाहिलंयस. गॅलरी अर्धी उठून चहाला जाते, उरलेली घोषणा देत असते, आणि माइकवरनं पाहुण्यांची नावं चाललेली असतात. त्या गलक्यात अंगावर शाल पडते, हातात नारळ येतो, फोटो निघतो आणि पुढच्याचं नाव पुकारलं जातं. ज्या माणसानं उभ्या हयातीत याच गॅलरीच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्याबद्दल त्या गॅलरीनं पाच मिनिटं तरी शांत बसून ऐकावं. म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी कर. दोन्ही संघ ओळीनं उभे असतात आणि पाहुणे हात मिळवत जातात, त्या वेळी त्या दिवशीचे पाहुणे हेच असू देत.

पण माइकवरनं सांगशील काय? ‘तीस वर्षं निष्ठेनं सेवा केली’ एवढंच ना? म्हणूनच सांगतो, सत्काराआधी प्रत्येकाच्या घरी जाऊन ये. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस या संघांचे खेळाडू कुठं राहतात, कुठं कामाला आहेत, कुणाचं लग्न ठरलंय, सगळं गावाला ठाऊक असतं. शिट्टी वाजवणारा माणूस मैदानाबाहेर पडला की कुठं जातो, हे मात्र कुणी विचारलेलं नाही.

मी यातल्या बऱ्याच जणांबरोबर लाइन सांभाळली आहे, म्हणजे कडेच्या रेषेवर सहायक पंच म्हणून उभा राहिलोय. यादीत पहिलं नाव आहे ते शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होते. पहिली पाळी करून सायकल मारत थेट स्टेडियमवर यायचे. नळावर तोंड धुवायचे, तरी कानामागची काजळी तशीच राहायची. काळा ड्रेस त्यांच्या पत्नी घडी घालून डब्याच्या पिशवीतच द्यायच्या. सामना संपला की कपडे बदलायच्या आधी ते पायरीवर बसून एका वहीत लिहायचे. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही. पट्टीनं आखलेले रकाने: मिनिट, खेळाडूचा नंबर, काय घडलं, मी काय दिलं. आणि शेवटचा रकाना, मी कुठं उभा होतो. त्या रकान्यात कितीतरी ठिकाणी ‘लांब’ एवढाच एक शब्द आहे. म्हणजे निर्णय दिला तेव्हा आपण खेळापासून लांब होतो, अशी त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली नोंद. ती वही कुणी तपासणार नव्हतं, त्यावर बढती मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली पाळी होतीच.

दुसरे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. तिसऱ्या नावाचे गुरुजी प्राथमिक शाळेत होते, आणि त्यांची मुलगी त्याच शाळेत शिकायची. एखाद्या सोमवारी वर्गातली पोरं तिला म्हणायची, ‘तुझ्या बाबांनी आमची मॅच घालवली.’ हे तिनंच मला सांगितलं, लग्न होऊन दोन लेकरांची आई झाल्यावर. तोवर घरात कधी बोलली नव्हती. म्हणून म्हणतो, गेलास की घरातल्यांशी बोल. रविवारची सगळी लग्नं, बारशी, गावाकडच्या यात्रा त्या बायकांनी एकट्यानं निभावल्या आहेत. स्टेडियमवर त्यांनाही बोलव आणि पुढच्या रांगेत बसव.

हे आपल्याकडंच असं नाही. १९७४ च्या विश्वचषकाची फायनल म्युनिकला झाली. यजमान पश्चिम जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स. पहिल्या दोन मिनिटांतच, जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श झालेला नसताना, रेफ्रीनं त्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली. तो रेफ्री जॅक टेलर, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा खाटीक. आज ज्या पिवळ्या-लाल कार्डांशिवाय फुटबॉल डोळ्यांसमोर येत नाही, ती कल्पना केन ॲस्टन या शाळामास्तराची. सिग्नलचे दिवे पाहून त्यांना ती सुचली आणि १९७० साली मेक्सिकोच्या विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. पोटासाठी दुसरं काम करणाऱ्या माणसांनीच हा खेळ इथवर आणलाय. आपल्या फौंड्रीवाल्यांना त्यांच्या ओळीत बसवताना अजिबात संकोच करू नकोस.

मंडळात कुणीतरी म्हणेलच, ‘अमुक साली त्यांनीच आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली होती, त्यांचा कसला सत्कार?’ त्याला तोफिक बहरामोवची गोष्ट सांग. १९६६ च्या विश्वचषकाच्या फायनलला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ते लाइनमन होते. इंग्लंडचा तिसरा गोल, चेंडू बारला लागून खाली आपटला, रेफ्री त्यांना विचारायला आला आणि त्यांनी गोल आहे म्हणून सांगितलं. चेंडू रेषेच्या आत गेला होता का, यावर अजून भांडणं होतात. पण बाकू शहरात, त्यांच्या अझरबैजानमध्ये, मोठ्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. एका मिनिटावरनं त्यांच्या माणसांनी त्यांचं आयुष्य मोजलं नाही. तेही नामांकित माणसाचं, आणि बाजूला जगभरचे कॅमेरे असताना. आपल्या रेफ्रीकडं तर रिप्ले नाही, कानात कुणी बोलत नाही. आहेत ते दोन डोळे, आणि समोर बावीस पोरं ओरडतायत.

या माणसांचा अभ्यासही गावाला कळू दे. नियमावली फक्त सतरा नियमांची, पण ती सारखी बदलत असते. १९९२ ला बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागं दिलेला चेंडू, हातात घ्यायला गोलकीपरला बंदी आली, २०१९ ला हँडबॉल आणि गोलकिकचे नियम बदलले, २०२५ ला गोलकीपरनं चेंडू आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर किक, असं ठरलं. ज्यांनी नव्वदच्या आधी शिट्टी हातात घेतली, त्यांनी हा खेळ दर काही वर्षांनी नव्यानं शिकून घेतलाय, गॅलरीतल्या निम्म्या लोकांना बदल ठाऊक नसताना. आणि पळणं वेगळंच. आंतरराष्ट्रीय पुरुष रेफ्रींच्या चाचणीत आधी चाळीस मीटरच्या सहा दौडी असतात. मग ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. आपल्याकडं प्रत्येकाला तेवढं करावं लागत नाही हे खरं, पण सामन्याच्या आदल्या पहाटे रंकाळ्यावर पळणारी पन्नाशीची माणसं मी पाहिली आहेत. आज त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेत. जिना चढायला लागेल असं व्यासपीठ घालू नकोस.

भेटवस्तूचं म्हणशील, तर शाली प्रत्येकाकडं आहेत. त्यापेक्षा स्टेडियममध्ये कायमची राखीव खुर्ची दे, पाठीवर नाव घालून. बिनपाठीच्या पायरीवर तीन तास बसणं त्यांना आता जमत नाही, म्हणूनच ते सामन्याला येत नाहीत. लोकांना वाटतं रुसलेत. स्पर्धेच्या हिशेबातली थोडी रक्कम बाजूला काढता आली, तर आजारी असलेल्याच्या औषधपाण्याला दे, पण ते माइकवरनं जाहीर करू नकोस. घरी नेऊन दे.

२०१७ ला आपल्या देशात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. ते नाव आज पेठेतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, असायलाच हवं. त्या वयाच्या पोरांचे लहान गटाचे सामने भर उन्हात कुणी खेळवले, हे त्याच पोरांना विचारून बघ. निवेदनात हे आवर्जून घे. गोव्याच्या युवेना फर्नांडिसचं नावही घे. २०१६ ला जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात त्या सहायक पंच होत्या. पेठेतली एखादी मुलगी ते ऐकेल आणि शिट्टी हातात घ्यायचं मनावर घेईल.

यादी सोबत जोडतोय. फौंड्रीवाल्यांना आता ऐकू कमी येतं, तेव्हा फोन करू नकोस, सकाळी दहानंतर थेट जा. वही दाखवा म्हण, दाखवतील. घेऊन जातो म्हणू नकोस, तिथंच बसून मोबाइलवर पानांचे फोटो काढ. गुरुजींना साखर आहे, पेढे नेऊ नकोस. एस.टी.वाले सत्काराला नको म्हणतील. आग्रह एकदाच कर, तरी नाही म्हणाले तर त्यांचं ऐक आणि खुर्ची मात्र ठेव.

आणि फायनलला जे चौघे पंच असतील, त्यांचं मानधन पाकिटात घालून सामन्याआधीच तयार ठेव. पराभूत संघाचे समर्थक गेटवर उभे असताना रात्री टेबलापाशी ताटकळत थांबायची वेळ त्यांच्यावर आणू नकोस.

तुझा,
काका