वाचक विचारतात : बोका पाणी पीत नाही, किडनीचं काय?

प्रश्न : आमचा बोका ९ वर्षांचा, वजन ४ किलो. पाकिटातले कोरडे दाणे आणि दूध-भाकरी खातो. ऐन मे महिन्यातही पाण्याच्या वाटीकडे फिरकत नाही. त्यात आमच्याकडे बोअरचं जड पाणी. किडनीला धोका आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी बोअरचं. निव्वळ जड पाण्यामुळे निरोगी मांजराची किडनी बिघडते, असं मानायला आधार नाही. पण मचूळ चवीमुळे ते कमी पीत असेल. बोअरचं आणि फिल्टरचं पाणी दोन सारख्या वाट्यांत शेजारीशेजारी ठेवा आणि ज्या वाटीतलं जास्त संपेल तेच चालू ठेवा.

खरी अडचण दाण्यांची आहे. मांजराचा वंश वाळवंटी रानमांजराचा. शिकारीतूनच पाणी मिळवायचं आणि लघवी घट्ट करून ते वाचवायचं, अशी त्याची घडण. त्यामुळे तहान उशिरा लागते. ४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ५० ग्रॅम दाण्यांत ते जेमतेम ५ मिली असतं, तर ८५ ग्रॅमच्या ओल्या पाऊचमध्ये ६५ ते ७० मिली.

रोज पाऊच परवडत नसेल तर दाणेच भिजवा. पहिल्या दिवशी दाण्यांवर एक चमचा कोमट पाणी, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत ५० ग्रॅमला ५० मिलीपर्यंत न्या. आपल्याकडच्या उकाड्यात भिजवलेलं खाणं तासाभरात उचलून टाका. नाही खाल्लं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून अडून बसू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. चिकन उकडलेलं पाणी वर घालायला हरकत नाही, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको.

दूध-भाकरी बंद करा. मोठ्या मांजराला दूध बरेचदा पचत नाही आणि जुलाब झाले की अंगातलं पाणी उलट जातंच.

पाण्याच्या वाट्या रुंद, उथळ, काठोकाठ भरलेल्या, घरात तीन ठिकाणी ठेवा. खाण्याच्या आणि शी-शूच्या ट्रेच्या शेजारी नकोत. किती पितो ते मोजायचं असेल तर तशीच एक वाटी बोक्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. तिच्यातलं घटलेलं पाणी वाफ झालेलं, तेवढं वजा करा. मे महिन्यात हा आकडा किरकोळ नसतो.

पाणी पाजल्याने किडनीचे सगळे आजार टळत नाहीत, वयाने येणारा येतोच. तो लवकर पकडणं हातात आहे. किडनीचं दोन तृतीयांश काम गेल्यावरच बाहेरून काही दिसू लागतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, नेहमीच्या तपासणीत हाच बघतात) तर त्याहून उशिरा वाढतं. म्हणून क्रिएटिनिनवर न थांबता लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते (१.०३५ च्या खाली असेल तर पुढे तपासायला हवं), एसडीएमए (किडनीचा बिघाड लवकर दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब बघायला सांगा. सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा, दहाव्यानंतर सहा महिन्यांनी. दर महिन्याला टोपलीत बसवून काट्यावर वजन करा. २०० ग्रॅम घटलं तरी दाखवा. आणि एरवी पाणी न पिणारा बोका अचानक वाटीला चिकटून राहू लागला, तर आनंद मानू नका, लगेच तपासा.

प्रश्न : मांजर लंगडतंय. माणसाची दुखण्याची गोळी चतकोर दिली तर चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक थेट किडनीवर जातात. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. पॅरासिटामॉलने मांजराचं रक्त आणि यकृत बिघडतं, चतकोर गोळीही जिवावर बेतू शकते. घरात पुष्पगुच्छ येत असतील तर लिलीही तेवढीच घातक. अंगावर पडलेले पराग चाटले तरी किडनी बंद पडते.

प्रश्न : बोका सारखा ट्रेमध्ये बसतो, ओरडतो, थेंबथेंब लघवी होते.
– एक वाचक, जालना

उत्तर : बद्धकोष्ठ समजून तेल पाजू नका. मूत्रमार्ग अडला असावा. बोक्याचा मार्ग अरुंद असतो, आणि तुंबलेल्या लघवीचा दाब किडनीवर येऊन एक-दोन दिवसांत जीव जातो. आजच, रविवार असला तरी, पशुवैद्याकडे न्या. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटेल.